अग्निबाणाचे उड्डाण कोठून पाहावे?

९ ऑक्टोबर १९७१ रोजी श्रीहरिकोटा बेटावरून ‘रोहिणी-१२५’ हा लहानसा संशोधन-अग्निबाण प्रथम आकाशात गेला, आणि २९ जानेवारी २०२५ रोजी सकाळी सहा वाजून तेवीस मिनिटांनी ‘जीएसएलव्ही-एफ१५’ ने उड्डाण केले तेव्हा त्या बेटावरील मोठ्या प्रक्षेपणांची शंभरी पुरी झाल्याचे जाहीर झाले. या अर्धशतकाहून अधिक काळात कोट्यवधी नागरिकांनी ही उड्डाणे दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पाहिली. परंतु ज्या उद्योगाचा भार मुख्यतः सार्वजनिक खजिन्याने उचलला आहे, तो उघड्या आकाशाखाली आपल्या डोळ्यांनी पाहण्याचा विचार ज्यांच्या मनात आला असे लोक त्या मानाने फारच थोडे. अशा ठिकाणी सामान्य माणसाला मज्जाव असणार, कोणा बड्या अधिकाऱ्याचे शिफारसपत्र लागणार, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे, आणि ती सर्वस्वी निराधार आहे. उड्डाण पाहण्यास योग्य अशा सार्वजनिक जागा आहेत. त्यांतील एक खास नागरिकांसाठीच बांधलेली आहे आणि इतर काहींना कोणताही परवाना लागत नाही. मात्र जागा जेवढी जवळ तेवढी चांगली, हा सरधोपट नियम येथे चालत नाही. अंतर, क्षितिज, उड्डाणाची दिशा आणि प्रकाश या चार गोष्टींचा हिशेब ज्याने घरून निघण्यापूर्वी केला, त्याला दूर उभे राहूनही पुष्कळ दिसते, आणि ज्याने तो केला नाही, त्याला जवळ जाऊनही डोळ्यांपुढे केवळ धूर दिसण्याचा संभव असतो.

प्रथम स्थळाची रचना समजून घेतली पाहिजे. आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला, चेन्नईच्या उत्तरेस, पुलिकत नावाचे खाऱ्या पाण्याचे विस्तीर्ण सरोवर आणि बंगालचा उपसागर यांच्यामध्ये श्रीहरिकोटा हे चिंचोळे बेट पसरलेले आहे. १९६९ साली, विक्रम साराभाई यांच्या हयातीत, प्रक्षेपणकेंद्रासाठी या बेटाची निवड झाली. केंद्राच्या ताब्यात सुमारे त्रेचाळीस हजार एकर जमीन आणि पन्नास किलोमीटरांचा समुद्रकिनारा आहे, आणि २००२ सालापासून ते सतीश धवन यांच्या नावाने ओळखले जाते. या निवडीमागे दोन कारणे प्रमुख होती. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरत असल्यामुळे पूर्वेच्या रोखाने सोडलेल्या अग्निबाणाला तिच्या परिवलनाचा वेग आयताच मिळतो, आणि श्रीहरिकोट्याच्या अक्षांशावर हा वेग सेकंदाला साडेचारशे मीटरांच्या आसपास भरतो. दुसरे असे की, पूर्वेस अथांग सागर असल्यामुळे जळून रिकामे झालेले टप्पे पाण्यात पडतात आणि कोणाच्या जीवितास अपाय होत नाही. या दुसऱ्या कारणातूनच प्रेक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाचा असा निष्कर्ष निघतो. प्रक्षेपणमंचाच्या पूर्वेचा समुद्र उड्डाणाच्या वेळी नौकांना आणि विमानांना बंद केलेला असतो, मच्छीमारांनाही आगाऊ सूचना देऊन त्या पट्ट्यात जाण्यास मनाई केली जाते. म्हणून प्रेक्षकाची जागा नेहमी पश्चिमेला किंवा दक्षिणेला, जमिनीच्या बाजूलाच असावयाची.

जमिनीच्या बाजूलाही माणसांना एवढे दूर का ठेवतात, असा प्रश्न पडेल. ‘पीएसएलव्ही’ हा प्रक्षेपक सुमारे चव्वेचाळीस मीटर उंच आणि तीनशेवीस टन वजनाचा. ‘चंद्रयान-३’ ला नेणारा ‘एलव्हीएम-३’ उंचीने तेवढाच, पण वजनाने त्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे सहाशेचाळीस टनांचा. या वजनापैकी बहुतेक सारा भाग इंधनाचा असतो. दुर्दैवाने प्रारंभीच अपघात घडला तर जळते तुकडे आणि हवेतील दाबाची लाट काही किलोमीटरांपर्यंत पोहोचू शकते. घन इंधनाच्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते, तर काही टप्प्यांत वापरली जाणारी द्रव इंधने स्वभावतःच विषारी असतात. तेव्हा सुरक्षिततेसाठी आखलेली सरहद्द ही केवळ बंदोबस्ताची बाब नसून भौतिक आणि रसायनशास्त्रीय कारणांवर उभी आहे, हे ध्यानात घेऊन प्रेक्षकाने तिचा मान राखला पाहिजे.

आता पहिल्या गोष्टीकडे, म्हणजे अंतराकडे वळू. अंतराचा परिणाम दृष्टीपेक्षा श्रवणावर अधिक होतो. प्रकाश तत्क्षणी पोहोचतो. ध्वनीला मात्र एक किलोमीटर जाण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. म्हणून सहासात किलोमीटरांवर उभ्या असलेल्या माणसाला अग्निबाण पेटलेला दिसतो, तो मंच सोडून वर चढू लागलेला दिसतो, आणि वीस सेकंदांच्या आसपास हे सर्व संपूर्ण निःशब्दतेत घडत राहते. त्यानंतर जो गडगडाट येतो तो कानांपेक्षा छातीत अधिक जाणवतो. अंतर वाढते तसतसे हवा उच्च स्वरांचे शोषण करते आणि खालचे, घोगरे स्वर तेवढे पुढे जाऊ देते. जवळून ऐकताना जो कडकडाट फटाक्यांच्या माळेसारखा तुटक आणि तीक्ष्ण वाटतो, तोच तीस किलोमीटरांवर एका सलग, मंद घरघरीत विरून गेलेला असतो. पंचाहत्तर किलोमीटरांवर तो ऐकू येण्याची आशा धरू नये. ज्याला उड्डाणाचा नाद अनुभवावयाचा आहे त्याने जवळ गेलेच पाहिजे. ज्याला उड्डाणाचा मार्ग पाहावयाचा आहे त्याला मात्र दूरची जागा पुष्कळदा अधिक सोयीची पडते, कारण जवळून पाहताना मान वर करावी लागते आणि अग्निबाण आपल्याच धुराच्या स्तंभामागे लपण्याचा संभव असतो, तर दुरून त्याची वक्र वाट आकाशावर रेखाटल्याप्रमाणे आडवी दिसते.

दुसरी गोष्ट क्षितिजाची. पृथ्वी गोल असल्यामुळे समुद्रकाठी उभ्या राहिलेल्या माणसाचे क्षितिज अवघे पाच किलोमीटरांवर असते, आणि त्यापलीकडील वस्तूंचा खालचा भाग पृथ्वीच्या फुगवट्याआड जातो. चेन्नईचा मरिना किनारा प्रक्षेपणमंचापासून सरळ रेषेत सुमारे पंचाहत्तर किलोमीटर आहे. हिशेब केला तर असे आढळते की, तेथील वाळूवर उभ्या असलेल्या माणसाला मंचावरील पहिले सुमारे चारशे मीटर दिसणेच शक्य नाही. म्हणजे अग्निबाण सुटल्यानंतरचे पहिले दहाएक सेकंद वायाच जातात. सुमारे तीस मीटर उंचीच्या गच्चीवर गेले तर हा दडलेला भाग अडीचशे मीटरांच्या आत येतो. प्रत्यक्षात क्षितिजालगतची धूळ, बाष्प, झाडे आणि इमारती यांमुळे आणखी काही सेकंद जातात. या हिशेबाचे तात्पर्य असे की, दुरून पाहणाऱ्याने ठरलेल्या क्षणाला अग्निबाण दिसला नाही म्हणून निराश होऊन पाठ फिरवू नये, आणि जागा निवडताना उत्तर क्षितिज खालपर्यंत मोकळे आहे की नाही, हे आदल्या दिवशीच जाऊन पाहून ठेवावे.

तिसरी गोष्ट दिशेची, आणि हिच्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. सर्व अग्निबाण एकाच वाटेने जात नाहीत. दळणवळणाचे उपग्रह विषुववृत्तावरील उंच कक्षेकडे जावयाचे असल्यामुळे त्यांना नेणारे ‘जीएसएलव्ही’ आणि ‘एलव्हीएम-३’ हे सामान्यतः पूर्वेकडे, किंचित दक्षिणेस झुकून जातात. पृथ्वीचे निरीक्षण करणारे उपग्रह बहुधा ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत ठेवावयाचे असतात, आणि त्यासाठी अग्निबाण दक्षिणेकडे सोडणे सर्वांत सोयीचे. परंतु श्रीहरिकोट्याच्या दक्षिणेस श्रीलंका येत असल्यामुळे ‘पीएसएलव्ही’ ला प्रथम आग्नेयेकडे जाऊन, समुद्रावर पुरेसे दूर गेल्यानंतर दक्षिणेकडे वळण घ्यावे लागते. या वळणात इंधन खर्ची पडते आणि लहान प्रक्षेपकांना तो भार सोसत नाही. म्हणूनच तमिळनाडूत, थूथुकुडी जिल्ह्यातील कुलशेखरपट्टिणम येथे, जेथून दक्षिणेस मोकळा समुद्र आहे, नव्या प्रक्षेपणकेंद्राची कोनशिला २८ फेब्रुवारी २०२४ रोजी बसविण्यात आली. प्रेक्षकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, ध्रुवीय कक्षेकडे निघालेला ‘पीएसएलव्ही’ चेन्नईच्या किनाऱ्यावरून पाहताना उत्तरेला उगवतो आणि समुद्रावरून पूर्वेकडे सरकत जातो. पूर्वेकडे निघालेला ‘जीएसएलव्ही’ मात्र लवकरच दूर जाऊन लहान होतो. कोणता प्रक्षेपक, कोणत्या कक्षेसाठी, हे इस्रोच्या जाहीर माहितीत आधीच आलेले असते. ते वाचून गेल्यास कोठे पाहावयाचे हे ठाऊक असते.

चौथी गोष्ट प्रकाशाची. सकाळच्या उड्डाणात पश्चिमेच्या बाजूने पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर सूर्य येतो. दुपारनंतरच्या उड्डाणात तोच सूर्य पाठीशी राहून धुराचा स्तंभ शुभ्र उजळतो. ‘चंद्रयान-३’ चे उड्डाण १४ जुलै २०२३ रोजी दुपारी दोन वाजून पस्तीस मिनिटांनी झाले, तर ‘आदित्य-एल१’ २ सप्टेंबर २०२३ रोजी सकाळी अकरा वाजून पन्नास मिनिटांनी निघाले; म्हणजे प्रत्येक उड्डाणाला सूर्याची जागा निराळी असते आणि तिचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. रात्रीच्या उड्डाणात धूर दिसत नाही, पण ज्वाला फार दुरून दिसते आणि क्षितिजालगतची धूळ तिला फारशी अडवू शकत नाही. ३० डिसेंबर २०२४ रोजी रात्री दहा वाजता ‘स्पेडेक्स’ चे दोन उपग्रह घेऊन निघालेला ‘पीएसएलव्ही-सी६०’ हा या प्रकारचा. या सर्वांहून सुंदर म्हणजे सूर्योदयापूर्वीचे किंवा सूर्यास्तानंतरचे उड्डाण. त्या वेळी प्रेक्षक पृथ्वीच्या छायेत, अंधारात उभा असतो आणि अग्निबाण काही मिनिटांत एवढा उंच जातो की त्याच्यावर सूर्याचे किरण पडू लागतात. विरळ हवेत त्याच्यामागून निघणारा वायू चहूकडे फुलत जातो आणि काळोख्या आकाशात तो रुपेरी, निळसर असा झळकतो. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून भारतातील पहिला संशोधन-अग्निबाण संध्याकाळी सोडण्यात आला, त्यामागे हाच न्याय होता. त्याने वरच्या वातावरणात सोडियमची वाफ सोडली आणि मावळलेल्या सूर्याच्या किरणांनी ती नारिंगी तेजाने उजळली; ती रेषा कशी वाहत जाते हे पाहून शास्त्रज्ञांनी उंचावरील वाऱ्यांचे मापन केले, आणि किनाऱ्यावरील लोकांनी आकाश पाहिले.

या चार कसोट्या हाती घेऊन आता प्रत्यक्ष जागांचा विचार करू. पहिली जागा केंद्राच्या आवारातील प्रेक्षागाराची. ही ‘लॉन्च व्ह्यू गॅलरी’ ३१ मार्च २०१९ रोजी खुली झाली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी ‘पीएसएलव्ही-सी४५’ चे उड्डाण तेथून नागरिकांनी पाहिले. प्रारंभी पाच हजार माणसांची सोय होती. पुढे ती दुप्पट करण्याची तजवीज झाली. पायऱ्यापायऱ्यांची बैठक, मोठे पडदे, उड्डाणाचे धावते निवेदन, आणि समोर झाडीच्या पलीकडे दोन्ही प्रक्षेपणमंच अशी तिची मांडणी आहे. प्रवेश मिळविण्यासाठी इस्रोच्या संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी करावी लागते. ही नोंदणी उड्डाणाच्या काही दिवस आधी सुरू होते आणि चंद्रयानासारख्या मोहिमेच्या वेळी पाहता पाहता संपते, म्हणून तारीख जाहीर होताच त्यावर लक्ष ठेवावे. नोंदणी करताना दिलेले ओळखपत्र जातानाही जवळ बाळगावे, कारण प्रवेशद्वारावरील तपासणी कसून होते. तेथे लवकर पोहोचण्याची ताकीद असते आणि ती पाळण्यातच शहाणपण आहे. नाद आणि भव्यता या दोन्ही दृष्टींनी या जागेला तोड नाही.

दुसरी जागा पुलिकत सरोवराच्या काठची. चेन्नई–कोलकाता राष्ट्रीय महामार्गावर सुल्लुरुपेटा हे गाव आहे. चेन्नईहून तेथे लोकलगाडीने जाता येते. या गावातून श्रीहरिकोट्याकडे जाणारा रस्ता सरोवराच्या पाण्यातून बांधलेल्या भरावावरून जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंस पाणी, चिखलाची मैदाने आणि दूरवर क्षितिज यांखेरीज काही नाही. मधल्या बेटावर अटकानितिप्पा हे गाव लागते. केंद्राच्या वेशीच्या अलीकडे, पोलिसांनी ज्या दिवशी जेथवर जाऊ दिले असेल तेथवर जाऊन, लोक वर्षानुवर्षे या रस्त्याकाठी उड्डाणे पाहत आले आहेत, आणि प्रेक्षागार होण्यापूर्वी सामान्य माणसाची खरी जागा हीच होती. येथे नोंदणी लागत नाही, आडोसा करणारी झाडे वा इमारती नाहीत, आणि आवाजही चांगला पोहोचतो. उणीव एवढीच की सकाळच्या उड्डाणात तोंड सूर्याकडे होते, सावली मुळीच नसते, आणि महत्त्वाच्या दिवशी वाहनांना कोठपर्यंत सोडावयाचे हे पोलिसांच्या हुकुमावर अवलंबून असते. तेव्हा सुल्लुरुपेट्यातील एखादी उंच गच्ची, मालकाची परवानगी घेऊन, मनात योजून ठेवावी.

तिसरी जागा सरोवराच्या दक्षिण मुखाशी, तमिळनाडूच्या हद्दीत. पुलिकत, म्हणजे तमिळ लोकांचे पळवेरकाडु, हे एके काळी डच व्यापाऱ्यांचे कोरोमंडल किनाऱ्यावरील प्रमुख ठाणे होते. त्यांच्या गेल्द्रिया किल्ल्याचे अवशेष आणि कोरीव शिलांची दफनभूमी तेथे आजही आहे. येथून प्रक्षेपणमंच उत्तरेस सुमारे चौतीस किलोमीटरांवर राहतो. किनाऱ्यावर उभे राहिल्यास मंचाचा बहुतेक भाग क्षितिजाखाली जातो, पण अग्निबाण सुटल्यावर थोड्याच सेकंदांत तो वर आलेला दिसतो. ध्वनीला मात्र दीड मिनिटाहून अधिक वेळ लागतो, म्हणजे सुटल्या क्षणीचा गडगडाट कानी पडतो तेव्हा ‘पीएसएलव्ही’ चा पहिला टप्पा जळून संपण्याच्या बेतात आलेला असतो. सूर्य सकाळी उजव्या हाताला आणि दुपारनंतर डाव्या हाताला राहतो. डोळ्यांवर येत नाही. उड्डाणाचा मार्ग बाजूने, संपूर्ण वळणासह पाहावयाचा असेल तर माझ्या मते सर्व सार्वजनिक जागांत ही जागा श्रेष्ठ आहे.

चौथी जागा चेन्नई शहराची. मरिना, एलियट्स आणि उत्तरेकडील एन्नोर हे किनारे कोणालाही खुले आहेत, आणि रात्रीच्या उड्डाणासाठी ते पुरेसे आहेत. ज्याच्याजवळ एकच संध्याकाळ आहे अशा प्रवाशाने त्यांवर समाधान मानण्यास हरकत नाही.

जागा कोणतीही असो, काय पाहावयाचे हे ठाऊक असल्यावाचून ती दोनतीन मिनिटे सार्थकी लागत नाहीत. ‘पीएसएलव्ही’ चा पहिला टप्पा घन इंधनाचा. त्यात सुमारे एकशे एकोणचाळीस टन इंधन असते, आणि मोठ्या मोहिमांत त्याच्या भोवती आणखी सहा घन इंधनाचे जोडबाण बांधलेले असतात. त्यांपैकी चार जमिनीवर पेटतात आणि दोन सुमारे पंचवीस सेकंदांनी, हवेत. या इंधनात अॅल्युमिनियमची बारीक भुकटी मिसळलेली असते. ती जळताना डोळे दिपविणारी पिवळीधमक ज्वाला निघते आणि तिच्या राखेचा पांढरा, दाट धूर मागे राहतो. जळून रिकामे झालेले जोडबाण जोडीजोडीने गळतात, आणि पावणेदोन मिनिटांच्या सुमारास पहिला टप्पा सुटून दुसरा, द्रव इंधनाचा, पेटतो. त्याची ज्वाला एवढी फिकी असते की दिवसा साध्या डोळ्यांना अग्निबाण एकाएकी विझल्यासारखा भासतो. पण त्यात बिघाड नसून इंधनाचा पालट असतो. सात ते दहा पट वर्धनाची साधी द्विनेत्री दुर्बीण जवळ असल्यास जोडबाण गळताना स्पष्ट दिसतात. तिचा रोख सूर्याकडे जाणार नाही एवढी खबरदारी मात्र डोळ्यांच्या जिवासाठी घेतलीच पाहिजे.

अग्निबाण दिसेनासा झाला की बहुतेक लोक परतीच्या वाटेला लागतात, आणि एका मोठ्या मौजेला मुकतात. मागे राहिलेल्या धुराच्या स्तंभाकडे पाच-दहा मिनिटे स्थिर दृष्टीने पाहावे. प्रारंभी तो सरळ असतो. मग त्याचा खालचा भाग समुद्रवाऱ्याबरोबर जमिनीकडे सरकू लागतो, त्यावरचा भाग उलट दिशेला जातो, आणखी वर एखादा पट्टा वेगाने ताणला जाऊन तुटतो, आणि अखेरीस आकाशात एक नागमोडी अक्षर उमटते. वातावरणाच्या निरनिराळ्या थरांत वारे निरनिराळ्या दिशांनी वाहतात, हे भूगोलाच्या पुस्तकात वाचलेले सत्य तेथे एका दृष्टिक्षेपात पटते. उड्डाणापूर्वी हवामानाचे फुगे सोडून उंचावरील वाऱ्यांचे मापन का करतात, याचे उत्तरही त्याच अक्षरात असते, कारण जे वारे धूर वाकवितात तेच अग्निबाणाच्या अंगावरही ताण आणतात.

आता एका अटळ गोष्टीची पूर्वसूचना. उड्डाण ठरल्या क्षणी होईलच, असे नाही. ‘चंद्रयान-२’ चे उड्डाण १५ जुलै २०१९ च्या पहाटे व्हावयाचे होते. उलटगणतीत छप्पन्न मिनिटे उरलेली असताना तांत्रिक दोषामुळे ते तहकूब झाले आणि आठवड्यानंतर, २२ जुलैच्या दुपारी, पार पडले. ‘पीएसएलव्ही-सी५९’ ४ डिसेंबर २०२४ ऐवजी ५ डिसेंबरला सुटले. कधी कक्षेतील दुसऱ्या उपग्रहाशी जवळीक होऊ नये म्हणून वेळ एकदोन मिनिटांनी पुढे जाते, तर ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत त्या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पाऊस आणि चक्रीवादळे यांचा अडथळा येतो. म्हणून प्रवासाची आखणी करताना एकदोन दिवस हाताशी राखून ठेवावेत. महाराष्ट्रातून तिरुपतीला जाणाऱ्या भाविकांची संख्या थोडी नाही. कोल्हापूरहून ‘हरिप्रिया एक्सप्रेस’ थेट तेथे जाते, आणि तिरुपतीहून श्रीकाळहस्ती व नायडुपेट या मार्गाने सुल्लुरुपेटा शंभर किलोमीटरांच्या आतबाहेर आहे. बालाजीच्या यात्रेला उड्डाणाच्या तारखेची जोड दिली तर तहकुबीचा दिवसही फुकट जात नाही. हिवाळ्यात गेल्यास पुलिकतच्या उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरलेले असतात, आणि जवळच्या नेलपट्टू अभयारण्यात झोळीवाले पाणकोळी वीण घालतात.

परदेशांत, विशेषतः अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना याच कसोट्या फ्लोरिडातही लावता येतील, कारण तेथील भूरचना आश्चर्य वाटावे इतकी सारखी आहे. केप कॅनव्हेरलच्या पूर्वेस अटलांटिक महासागर आणि पश्चिमेस ‘इंडियन रिव्हर’ हे खारे सरोवर. त्याच्या पैलतीरी टायटसव्हिल गाव. १६ जुलै १९६९ रोजी ‘अपोलो-११’ निघाले तेव्हा या किनाऱ्यांवर सुमारे दहा लक्ष माणसे जमली होती. टायटसव्हिलची नदीकाठची उद्याने आणि तेथील मॅक्स ब्रूअर पूल, दक्षिणेस बंदराजवळील जेटी पार्क, उत्तरेस प्लायालिंडा किनारा या जागा सर्वांना माहीत आहेत. तेथेही प्रक्षेपणकेंद्राभोवतीची राखीव जमीन पक्ष्यांचे अभयारण्य झालेली आहे. माणसांना मज्जाव असलेला मुलूख पक्ष्यांना अभय देतो, हा योगायोग दोन्ही देशांत सारखाच फलदायी ठरला आहे.

शेवटी, एवढा प्रवास कशासाठी करावा, याचेही उत्तर दिले पाहिजे. पुण्याच्या वसंत गोवारीकरांनी घन इंधनाच्या संशोधनात आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली आणि ते तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक झाले. ‘पीएसएलव्ही’ आणि त्याहून मोठ्या प्रक्षेपकांच्या पहिल्या टप्प्यांची पोलादी कवचे इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात घडत आली आहेत, आणि द्रव इंधनाची ‘विकास’ एंजिने विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात. श्रीहरिकोट्याहून उठणाऱ्या ज्वालेत महाराष्ट्रातील कामगारांचे कसबही जळत्या कसोटीला उतरते, आणि आपल्या मुलांना ते दाखविणे हे आपले काम आहे. शाळांनी सहली काढताना किल्ले आणि लेणी यांच्या जोडीला प्रक्षेपणाची एक तारीख धरावी. ती तहकूब झाली तर मुलांना शास्त्राच्या शिस्तीचा एक धडा मिळेल, आणि ठरल्या वेळी उड्डाण झाले तर जन्मभराचा. जाणाऱ्यांनी ओळखपत्र, पिण्याचे पाणी, टोपी आणि धीर एवढे बरोबर न्यावे, आणि सरोवराकाठी आपला कचरा मागे ठेवू नये. पुढचे उड्डाण जाहीर झाले की नोंदणी उघडण्याची वाट पाहा आणि त्याच दिवशी आपले नाव घाला.